हशासाठी सोडलेल्या जागा

मी, शेवटी सही करणारी, व्यवसायाने चित्रपट-संकलक, हल्ली घरीच, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी हात वर केले. ‘बाई, आता आवराआवर करून ठेवा,’ एवढंच म्हणाले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

वकीलबाईंनी माझा कच्चा मसुदा वाचून अर्ध्यावर रेघा मारल्या. त्यांच्या मते यात मालमत्ता थोडी आणि गाऱ्हाणी फार आहेत. माझ्यापाशी दोन्हींचं प्रमाण तसंच असल्यामुळे मी रेघा मारलेला मजकूर पुन्हा लिहून काढला आहे.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्यावरचं कपाट, मी माझ्या भाचीला देते. अट एकच. माझे यजमान, ज्यांचा उल्लेख मी लग्नापासून ‘हे’ असाच करत आले आणि इथेही तसाच करीन, ते आहेत तोवर ह्याच घरात, आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर राहतील. त्यांना दुसरीकडे हलवू नये. न्हाणीघराचा रस्ता त्यांना आत्ताच सापडत नाही, नव्या घरात तर ते स्वतःच हरवतील.

२. जी काही शिल्लक आहे ती ह्यांच्या औषधपाण्यासाठी. ती पुरणार नाही हे मला माहीत आहे. भाचीलाही माहीत आहे, आणि तरीही ती ‘हो आत्या’ म्हणाली. तिच्या त्या ‘हो’पुढे मला वर बघता आलं नाही.

३. आता चित्रपटाबद्दल.

ह्यांनी आयुष्यात एकच चित्रपट केला, हिंदीत. चार दरोडेखोर बँक लुटायला येतात. खिडकीपुढे मोठी रांग असते, म्हणून तेही रांगेत उभे राहतात. नंबर येतो तेव्हा जेवणाची सुट्टी होते. सुट्टी संपते तोवर चौघांतल्या एकाची जागा गेलेली असते. दरोडा शेवटपर्यंत पडत नाही. संध्याकाळी बँक बंद होते, आणि चौघे उद्या लवकर यायचं ठरवून घरी जातात.

समीक्षकांनी विचारलं, गुन्ह्याच्या चित्रपटात गुन्हा कुठे आहे? मी आजही म्हणते, खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाकडे बघा. नायक कुठे आहे, असंही विचारलं. रांगेत नायक नसतो, फक्त पुढचा आणि मागचा असतो. मारामारी नाही, गाणी नाहीत, नायिका दिसते ती पावती फाडताना. हे सगळं खरं आहे आणि ह्यांनी ते जाणूनबुजून केलं होतं. ज्यांनी कधी अर्ज घेऊन खिडकीपुढे दिवस काढला नाही, त्यांच्या आणि ह्यांच्या भांडणात मी पडणार नाही.

पण एका आक्षेपाचं उत्तर माझ्याकडे लागतं. आमच्याच इमारतीत खाली राहणारे समीक्षक, तेव्हा ते इथे राहत नव्हते, नाहीतर जिन्यातच जाब विचारला असता, त्यांनी लिहिलं होतं: ‘प्रत्येक विनोदानंतर हा चित्रपट चहा प्यायला निघून जातो.’ वाक्य गाजलं. चित्रपट आठवडाभरात उतरला, वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे.

विनोदी चित्रपट कापताना विनोदानंतर थोडी जागा सोडावी लागते. नाहीतर लोक हसत असतात आणि पुढचं वाक्य त्या हशात बुडतं. किती जागा सोडायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी टेबलावर फिल्म चालवायची, हे मागे स्टुलावर बसून हसायचे, आणि हसणं जिथे संपेल तिथे मी मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची. तिथे काप. आता ह्यांचं हसू म्हणजे थंडीतली जुनी मोटार. आधी घरघर, मग दोन-चार धक्के, आणि एकदा चालू झाली की थांबता थांबत नाही. सगळं जग एवढंच हसत असेल असं मला वाटलं. आमचं नवं लग्न होतं, आणि त्या दिवसांत मला जग म्हणजे हेच वाटायचे.

रांगेत एक जण मध्ये घुसतो, तेव्हा दरोडेखोर पिस्तूल काढून म्हणतो, ‘भाईसाब, लाइन में आइए, हम भी सुबह से खड़े हैं.’ तो माणूस मुकाट्याने मागे जातो. दरोडेखोर हातातल्या पिस्तुलाकडे बघतो, ओशाळतो आणि ते डब्याच्या पिशवीत ठेवतो. तिथे मी सोडलेली जागा सगळ्यांत मोठी आहे. जवळजवळ रिकाम्या थिएटरात ती जागा कशी दिसली असेल याची कल्पना मला आहे, कारण मी तिथे बसले होते. शेजारी हे एकटेच हसत होते. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून ‘शू’ केलं, तेव्हा हेही हसायचे थांबले.

पुन्हा ह्यांना कोणी चित्रपट दिला नाही. मी दुसऱ्यांच्या मारामाऱ्या आणि लग्नं कापत राहिले, त्यावर घर चाललं. मी ती जागा एकदाही कमी केली नाही आणि आजही करणार नाही.

४. माझे धाकटे दीर पहिल्या खेळाला मध्यंतरात उठून गेले. विचारलं तर म्हणाले, ‘वहिनी, गाडी लावायला जागा मिळत नव्हती, म्हणून लवकर निघालो.’ त्यांना त्यांची त्या दिवशी राहिलेली छत्री आणि मध्यंतरानंतरच्या भागाची एक प्रत देण्यात यावी.

५. चित्रपट मी कोणालाच देऊ शकत नाही. वकीलबाईंनी हे मला तीनतीनदा समजावलं. तो निर्मात्याचा होता, आता त्याच्या मुलाचा आहे, ज्याला सगळे धाकटे शेठ म्हणतात. मध्यंतरी त्याचा फोन आला.

‘काकू, आनंदाची बातमी! काकांचा पिक्चर परत काढतोय. लोक आता फोनवर बघतील.’

मला खरंच आनंद झाला.

‘फक्त जरा टाइट केलाय. त्या मधल्या मोकळ्या जागा होत्या ना, त्या सगळ्या काढल्या.’

‘अरे, त्या हसण्यासाठी आहेत.’

‘काकू, फोनवर माणूस एकटा बघतो. एकटा माणूस कुठे मोठ्याने हसतो?’

मेला, बोलला ते खोटं नव्हतं.

त्याने नवी प्रत पाठवली. मी ती ह्यांना लावून दिली. हे मला ओळखत नाहीत, स्वतःचं नाव विचारलं तर खिडकीबाहेर बघतात, पण हा चित्रपट लागला की हसतात. अगदी माझ्या खुणांवर. तर पहिल्या विनोदाला घरघर सुरू झाली आणि पुढचं वाक्य येऊन आदळलं. हे थांबले. दुसऱ्याला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. तिसऱ्या वेळी ह्यांनी प्रयत्नच केला नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘बाई, माझं काही चुकलं का?’

मी ती प्रत काढून टाकली. त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्या कलमात बसवायचं, हे वकीलबाईंनाही सांगता आलं नाही.

६. म्हणून: टीव्हीखालच्या कप्प्यात धाकट्या शेठची कात्री न लागलेल्या चित्रपटाची जुनी डिस्क आहे, तिच्यावर चरे आहेत. ती आणि ती चालवणारं यंत्र मी भाचीला देते. हीच माझी खरी मालमत्ता. डिस्क बाहेर कोणाला देऊ नये, दुरुस्तीच्या नावाखाली तर मुळीच नाही. हे विचारतील, ‘कोणी काढलाय हा?’ ‘तुम्ही’ असं सांगू नये, घाबरतात. ‘होता एक वेडा,’ असं सांगावं. मग ते म्हणतात, ‘भेटव की एकदा.’ त्याला ‘बघू’ म्हणावं.

७. संकलनाचं टेबल विकलं गेलं आहे. फिल्म जोडायचं यंत्र धाकट्या शेठला द्यावं. शिव्या देऊ नयेत, त्या मी फोनवर दिल्या आहेत.

८. खालचे समीक्षक रोज दुपारी वर्तमानपत्र घेऊन वर येतात आणि ह्यांच्याशेजारी बसतात. चित्रपट लागला असेल तर तोही बघतात. परवा मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, ‘बाई, खोटं कशाला बोलू, मला अजून लांबलेलाच वाटतो.’ तेव्हा हे त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, ‘बाकी सगळे भराभर बोलतात आणि निघून जातात हो. हा माझ्यासाठी थांबतो.’

जाताना दारात समीक्षकांनी मला विचारलं, ‘ते चहाचं वाक्य मागे घेऊ का?’ मी म्हटलं, राहू दे, वाक्य चांगलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे, म्हणून त्यांना साक्षीदार केलं आहे.

९. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. भाचीने रोज एकदा ह्यांच्याजवळ बसावं. तिला हसू आलं नाही तरी चालेल. ह्यांचं हसून होईपर्यंत मध्ये बोलू नये, आणि उठू नये.

ठिकाण: बाहेरची खोली. दिनांक वकीलबाई घालतील.

(सही) लिहून ठेवणार, संकलक

साक्षीदार:
(सही) डॉक्टर
(सही) समीक्षक, तळमजला

साक्षीदारांची नोंद, समीक्षकाच्या अक्षरात: बाईंच्या सहीत मधोमध जागा सुटलेली दिसेल. ती आमच्या समक्ष सुटली आहे. सही अर्धी झाली तेव्हा आतल्या खोलीत त्यांचे यजमान हसू लागले. बाईंनी हात उचलून धरला, हसणं पुरतं संपू दिलं आणि मग उरलेली सही केली. आम्हीही थांबलो होतो. दोन्ही भाग मिळून ती एकच सही धरावी.