तुझी लेक येऊन गेली

प्रिय बारके,

तुझी लेक काल येऊन गेली. जमलं तर येईल, असं तू फोनवर म्हणाली होतीस, म्हणून मी काही वाट बघत बसले नव्हते. आणि नेमकी मी केसांना तेल चोपडून, जुनाट गाउनमध्ये दारात लसूण सोलत बसलेली असताना ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. ओळख सांगायची गरजच पडली नाही. एक खांदा पुढे काढून, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखं ते झपझप चालणं. कुणाचं, ते तुला सांगायला नको. जवळ आली आणि म्हणाली, "मावशी, आईनं पाठवलंय. लहानपणी तुम्ही शेजारी होतात ना?" मी म्हटलं, "होतो बाई, ये आत," आणि तेलकट हातानंच तिला धरून आत आणलं. बोलली काही नाही बिचारी, पण नंतर हळूच रुमालाला हात पुसताना मी तिला बघितलं.

तिचं काम काय, हे तू सांगितलं होतंस तरी मला धड कळलं नव्हतं. मला वाटलं, शिरगणतीसारखं काहीतरी असेल, घरात पंखे किती, संडास आत की बाहेर. तेही तिनं विचारलंच. पण तिला हवंय ते वेगळंच. ह्या कपबशीच्या कारखान्यात दोन मुलखांतून माणसं आली, आमचे पठारी आणि तुमचे किनारी. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, दिसणंही थोडं वेगळं; पण आली एकाच सुमाराला आणि सारखीच कफल्लक. आज किनाऱ्यांची नातवंडं डॉक्टर आहेत, वकील आहेत, शहरात त्यांची दुकानं आहेत. आमच्याकडे टेम्पोवाले, वॉचमन, आणि पेन्शन कधी जमा होते त्याची वाट बघणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या. असं का झालं, हे तिला शोधायचंय. विचारताना इतकी जपून बोलत होती की मलाच तिची दया आली. 'मागे राहिले' असं म्हणावं लागू नये म्हणून काय काय शब्द शोधत होती. शेवटी मीच म्हटलं, "अगं, मागे राहिलो तर राहिलो. तू विचार खुशाल." मग मोकळेपणी हसली आणि मांडी घालून खालीच बसली.

ती विचारत गेली तशी मी सांगत गेले आणि सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. भट्टी उघडायच्या दिवशी गल्लीत शिरणारी ती कोरडी ऊब. बाबा घरी यायचे ते भुवयांचे केस होरपळलेले, अंगाला भाजल्या मातीचा वास. कुणाच्याच घरात एका कपासारखा दुसरा कप नव्हता, कारण सगळे नापास झालेले. कुणाचा कान वाकडा, कुणाच्या बुडाला फोड. पाहुणा आला की आमची आई फळीवर हात फिरवत उभी राहायची, सगळ्यांत कमी वाकडा कोणता ते बघत. आणि ती रंगखोली आठवते का? मोठमोठ्या खिडक्यांची, ओळीनं बायका बसलेल्या. तुझी आई सोनेरी कडा ओढायची. छोट्या चाकावर कप फिरवायचा, ब्रश नुसता टेकवायचा आणि कडा पुरी होईपर्यंत श्वास घ्यायचा नाही. तू तिच्या पायाशी बसून तिच्याबरोबर श्वास कोंडून धरायचीस आणि मग दोघी एकदम सुस्कारा सोडायचात. मी आणि दादा खिडकीच्या गजांना लटकून हे बघायचो आणि हसून हसून खाली पडायचो.

तेव्हा आम्हाला तुमची कीव यायची, हे तुझ्या लेकीला सांगितलं तेव्हा तिनं मान वर करून बघितलं. खरंच यायची. भट्टीवर सगळे पठारी, आणि त्यांची नोकरी कायमची. कंपनीची पक्की खोली, आजारपणाची रजा, आणि बाप थकला की त्याच्या जागी मुलगा लागणार हे ठरलेलं. रंगखोलीत सगळे किनारी, आणि त्यांना जेवढे कप तेवढी मजुरी. मागणी नसली की घरी बसा. गोदामामागच्या पत्र्याच्या खोल्यांत तुम्ही राहायचात. काम बंद असलं की आमची आई झाकलेलं पातेलं घेऊन मलाच पाठवायची आणि बजावायची, "उरलं होतं म्हणून सांग, मुद्दाम केलंय म्हणू नकोस." तुझ्या आईलाही ते कळायचं. ती पातेलं रिकामं कधी परत पाठवायची नाही. आत एखादी रंगवलेली बशी असायची, नापासच, पण कडेनं वेल काढलेली.

आणि तुझा अभ्यास. तुझी आई उरलेल्या रंगानं बशीवर अक्षरं काढायची, तू गिरवायचीस, की ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा. चुकलीस की ब्रशच्या दांड्यानं बोटांवर एक बसायची. बाबा बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, पोरीला साहेबीण करायचीय का काय?" ती मान वर न करता म्हणायची, "आमच्यामागे कोण बसलंय जागा राखून? हिचं हिलाच बघायचंय." दादाला मात्र कुणी कधी अभ्यासाला बसवलं नाही. कशाला बसवतील? त्याची जागा भट्टीपाशी होतीच. मास्तरसुद्धा त्याला म्हणायचे, तुला काय करायचंय शिकून, तू आपला भट्टीवर जाणार. लाडानंच म्हणायचे.

मग ते छापील नक्षीचे कागद आले. कपावर चिकटवायचे, भाजायचे, झालं. पंधरवड्यात रंगखोलीला कुलूप लागलं आणि तुमची माणसं ट्रक करून शहराकडे निघाली. तू गाद्यांच्या गाठोड्यावर बसली होतीस, दहा वर्षांची. मी ट्रकच्या मागे वजनकाट्यापर्यंत पळत आले. दादा फाटकाला पाठ लावून उभा होता, त्यानं हात हलवला नाही. आमची आई तर बाहेरच आली नाही. डोकं दुखतंय म्हणून दार लोटून आत पडून राहिली. संध्याकाळी गल्लीत सगळे हळहळत होते, बिचारे कुठं जातील, काय खातील. आम्हाला काय ठाऊक, की त्या ट्रकमधली पोरं शाळा, कॉलेज करून वर येणार आणि आम्ही इथंच राहणार. तू बँकेत लागलीस तेव्हा तुझं पत्र मी साऱ्या गल्लीला वाचून दाखवलं. आमचं तुला माहीतच आहे. मी पेंढ्यात कप गुंडाळायच्या खात्यात, दादा बाबांच्या जागी, आणि मग बाहेरून स्वस्त कप यायला लागले आणि एक दिवस भट्टी विझली ती पेटलीच नाही. आमचे हे त्याच फाटकावर वॉचमन म्हणून बसले. रिकाम्या कारखान्यातून चोर काय नेणार होते, त्यांचं त्यांनाच माहीत. पण हे रोज गणवेशाला इस्त्री करून जायचे.

तू म्हणशील ताई रडगाणं गातेय. तसं नाही गं. संसार झाला, पोरगा मोबाइलच्या दुकानात बरा आहे, सून मनानं चांगली आहे, तोंडानं थोडी कमी. कुठं कुणापुढे हात पसरला नाही. पण तुझ्या लेकीनं लॅपटॉपवर दोन रेघा दाखवल्या, एक किनाऱ्यांची, एक आमची. सुरुवातीला दोन्ही इतक्या चिकटून चालतात की वेगळ्या ओळखू येत नाहीत. मग तुम्ही गेलात त्या सुमाराला फाटतात, तुमची वर जाते आणि आमची आडवीच राहते, भट्टी बंद झाल्यावर खाली. ज्यांच्या हाताखाली ती हे संशोधन करते त्या सरांचं म्हणणं असं, की हा स्वभावाचा फरक. समुद्राकाठची माणसं धडपडी, पठारावरची आहे त्यात समाधानी. तिला ते पटत नाही. ती म्हणाली, "मावशी, मला वाटतं तुमच्या लोकांना त्या कायमच्या नोकरीनं बांधून ठेवलं. आईकडच्यांना बांधायला काहीच नव्हतं."

मला तिचा थोडा रागच आला. बाबा कंपनीचा बिल्ला सदऱ्याला लावून लग्नकार्याला जायचे. ती कायमची जागा त्यांनी किती अभिमानानं दादाच्या हातात दिली होती, आणि ही चिमुरडी म्हणतेय की तेच दावं होतं. पण तिनं हे चढेलपणानं म्हटलं नाही. म्हणताना तिचा आवाज खाली गेला होता. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला दादाचं गणित आठवलं. तोंडी हिशेबात तो मास्तरांच्याही पुढे असायचा.

चहा ओतत होते तेव्हा ती म्हणाली, "पण सरांना हे पटवायचं कसं? एकाच आईची दोन मुलं घ्यायची, एक पठाऱ्यांत वाढवायचं, एक किनाऱ्यांत, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी बघायचं. तेव्हा कुठं ते मानतील. असं काही माणसांवर करून बघता येत नाही." आणि हसली. मी ओतत राहिले. बशी भरून चहा ओट्यावर आला, तेव्हा तिनंच उठून माझ्या हातातलं भांडं घेतलं.

आईच्या त्या आजारपणाविषयी आपण दोघी कधी नीट बोललोच नाही. मी सहा वर्षांची होते. बाळंतपणानंतर आई उठलीच नाही, वर्षभर दवाखाना आणि घर चाललं होतं. तुझ्या आईचं बाळ त्याच महिन्यात गेलं होतं. ती स्वतःहून आली आणि म्हणाली, "बरी होईस्तोवर मी पाजते." आई बरी झाली, उठून हिंडायला लागली, आणि एक दिवस पत्र्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिचा पदर धरून होते, म्हणून मला ठाऊक आहे. तिनं हात पुढे केले आणि मूल तिकडे वळून दुसरीच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागलं. आईनं पुढे केलेले हात मागे घेतले. मग म्हणाली, "राहू दे तुझ्याकडेच. माझ्याकडे दोन आहेत." बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तुझ्या आईनं तिच्याकडून वचन घेतलं, की हे आमच्या घरातून कधी बाहेर जायचं नाही, आणि तिनं मरेपर्यंत ते पाळलं. आम्हालाही पाळायला लावलं. आई गेली तोवर तुला तुझ्या आईकडून सगळं कळलं होतं; तू आलीस आणि शेजारणींच्या रांगेत बसलीस. मी समोरून बघत होते. रडायला येऊनही तुला त्यांच्याहून जास्त रडता येत नव्हतं. त्या दिवसाइतका मला त्या वचनाचा राग कधी आला नाही.

आता तुझी आईही गेली, दादा गेला. गल्लीत हे ठाऊक असलेलं कुणी उरलेलं नाही. तू आणि मी. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. काल निघताना तुझ्या लेकीनं शेवटचं म्हणून सहज विचारलं, "मावशी, तुम्ही भावंडं किती?" आजवर हा प्रश्न कुणीही विचारला, लग्नात, कारखान्यात, दवाखान्यात, तरी मी 'दोघं' म्हणत आले. काल तोंडातून 'तिघं' निघालं. तिनं विचारलं, "तिसरं कुठं असतं?" मी म्हटलं, "शहरात असते. तिला विचारते आणि मग सांगते." ती पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे. तू म्हणशील ते सांगेन. नको म्हणालीस तर 'ती नको म्हणाली' एवढंच सांगेन आणि तुझ्यावर रागावणार नाही. पण मला राहून राहून वाटतं, की साऱ्या गल्लीतून निवडून माझ्याच दारात तू तिला पाठवलंस, ते काही नुसतं पंखे मोजायला नाही. तसं असेल तर तूही तिच्याबरोबर ये. तिला आपण दोघींनी मिळून सांगू, आपल्या आईबद्दल.

तुझीच,
ताई