आखणीच्या वेळी पंखा बंद

९ जून
रोह्याला कंपनीत अंतराळयानाच्या केबिनचा फिल्टर तपासणीला लागला. माणसं बसणाऱ्या यानातला. फिल्टरच्या कागदाच्या एका घडीत सुईच्या टोकाएवढी गळती. नापास केला. साहेबांचं म्हणणं, एवढ्याशा भोकाने काय होतंय. त्यांना सांगितलं, तिथे धूळ खाली बसत नाही. तरंगत राहते, कोणाच्या तरी नाकात जाईपर्यंत.
संध्याकाळी पेणला उतरले. सुहास आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासत बसलेला, भुवयांसकट धुळीने पांढरा. मास्क गळ्यात. खोकला आहेच.

२१ जून
पनवेलच्या डॉक्टरांनी सुहासच्या छातीचा फोटो दाखवला. फुप्फुसं कडक झालीत. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, धुळीत पाऊल नको.
एसटीत सुहासने तिकिटं काढली. मग म्हणाला, "घासणं सोडतो. डोळ्यांची आखणी नाय सोडणार."
गिऱ्हाइकं त्याने काढलेले डोळे मागतात.

३० जून
बाजारातून फिल्टर आणला, पंखा बसवून पत्र्याचा डबा केला. कंपनीतला तो नापास पडून होता, हात लावला नाही. नापास तो नापास.
डबा आखणीच्या टेबलाशी ठेवला. सुहास म्हणाला, "मला अंतराळात धाडतेस व्हय गो?"
हसला. पुष्कळ दिवसांनी.

१२ जुलै
लवकर आले तर सुहास आखणीला बसलेला, डबा बंद. वाऱ्याने ब्रशची रेघ हलते, ओल्या रंगावर कण बसतो. आखणीच्या वेळी पंखा बंद, ही इथल्या सगळ्या कारखान्यांची रीत. सुहासशी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. डबा करताना आठवली कशी नाही? की आठवली, आणि तरी…
यानात पंखा थांबला तर झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास त्याच्याच तोंडाभोवती साचतो. खिडकीतून बघत उभी राहिले. आत गेले नाही.

३ ऑगस्ट
घरी ऑक्सिजनचं मशीन. डबाही पलंगाशी, चोवीस तास. बंद झाला की खोकला सुटतो.
कारखान्यात आमचा घरचा गणपती तेवढा राहिलाय, डोळ्यांवाचून. दुसरा कोणी काढेल म्हटलं. तोंड फिरवलं त्याने.

१० ऑगस्ट
मूर्ती आणली. अंगणात ओल्या फडक्याने पुसून घेतली. डबा मीच बंद केला.
उजवा डोळा झाला. मग दम. ब्रश हातातच. मी डब्याचं बटण दाबलं.
शांत झाल्यावर म्हणाला, "बंद कर गो. एकच राहिलाय."
स्वयंपाकघरात येऊन हे लिहितेय. तो वाट बघतोय. डब्याची घरघर चालू आहे. हाक मारली त्याने, परत.