नवव्या मजल्यावरचं स्टूल

सेंगकांग, सिंगापूर
डिसेंबर २०१७

प्रिय बाबा,

आज सकाळी आमच्या सोळा मजली ब्लॉकची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून वर्षभरानं जिन्यात पाय ठेवला. नवव्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकवून एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं. शेजारच्या दारातून आंटी बाहेर आल्या. त्याच, ज्यांच्याशी तुम्ही रोज गप्पा मारायचात. हसून म्हणाल्या, "युअर फादर गो बॅक इंडिया ऑलरेडी आह? आय स्टिल कीप हिज स्टूल."

तुमचं स्टूल! आम्हाला पत्ता न लागू देता तुम्ही इथे बैठक जमवलीत?

तुम्ही गेलात, हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या स्वतःच स्टुलावर बसल्या. मग छातीवर हात ठेवून दाखवत म्हणाल्या, "एव्हरी डे सिट हिअर, लाइक धिस. आय टेल हिम, अंकल, सी डॉक्टर लाह. ही से, डॉटर सो हॅपी, आफ्टर हॉलिडे."

उरलेले सात मजले कशी चढले, आठवत नाही. घरात शिरले आणि लिहायला बसले. दुसरं कुणाला सांगणार?

साताऱ्याच्या शाळेत तुम्ही भूगोल शिकवायचात आणि मी तुमच्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. हिमनदीचा धडा आला की आदल्या दिवशी फ्रीजमध्ये एक वाटी जायची. तळाला रेती, वर पाणी. दुसऱ्या दिवशी तो बर्फ तुम्ही धुण्याच्या साबणाच्या वडीवर घासायचात आणि वडीवर ओरखडे उठायचे. "बघा रे, बर्फ वितळून गेला तरी तो कुठून आला नि कुठे गेला, ते दगड सांगतो." संध्याकाळी आई त्याच वडीनं कपडे धुवायची आणि वडीच्या दशेवरून तुम्हाला चार शब्द सुनवायची.

इतक्या पोरांना हिमनदी दाखवणाऱ्या माणसानं बर्फ पाहिला तो फ्रीजमधलाच! म्हणून मी ठरवलं, बाबांना न्यूझीलंडला न्यायचं. तिथलं ते अभयारण्य, हिमनद्यांनी कोरलेली दरी, दिवसभराची पायवाट. आईनं गुडघ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं आणि तुम्ही एकटेच सिंगापूरला आलात.

सरावाला इथे डोंगर कुठून आणायचा? इथले लोक करतात तेच आपण केलं. ब्लॉकचे सोळा मजले जिन्यानं वर, लिफ्टनं खाली. मी वरती दारात मोबाईलवर वेळ लावून उभी.

"आज चार मिनिटं जास्त लागली, बाबा!"

"अगं, नवव्या मजल्यावर त्या आंटी भेटल्या. बसलो गप्पा मारत."

"तोंड कमी चालवा, पाय जास्त."

बसलो, असं तुम्ही सांगत होतात की हो. मी ऐकलंच नाही.

एकदा चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "मी बस थांबते तिथंच थांबलो तर गं? तू वर जाऊन ये. मला येऊन सांग काय पाहिलंस ते." मी उसळले. "जन्मभर पोरांना सज्जनगडावर नेलंत, आणि आता घाबरलात?" तुम्ही कप विसळून ठेवलात आणि बूट घालायला गेलात. बाबा, तेव्हा तरी ओरडायचंत माझ्यावर!

निघायला आठ दिवस होते, तेव्हा तुम्ही बेसिनपाशी कोसळलात. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी दम लागायचा का, छातीत दुखायचं का? मी ठामपणे नाही म्हटलं. वर सांगितलं, रोज सोळा मजले चढतात. अभिमानानं सांगितलं. त्या वाक्याची आता इतकी लाज वाटते.

गेल्या महिन्यात मी एकटीच न्यूझीलंडला जाऊन आले. पाऊस भुरभुरत होता. दरी तळाला रुंद आणि सपाट, बाजू सरळसोट, तुम्ही फळ्यावर काढायचात अगदी तशी. नदीचं पाणी राखाडी. हिमनदी मात्र दिसली नाही. ती आटत आटत फार वर गेली आहे, ढगाच्या पलीकडे. पूर्वी ती कुठवर होती, ते सांगणाऱ्या पाट्या तेवढ्या वाटेवर उभ्या आहेत. पहिल्याच चढाला मला धाप लागली आणि मी बसले. घड्याळ लावून उभं राहणारं कुणी नव्हतं.

वर एक भलामोठा काळा खडक होता. ओल्या खडकावरून हात फिरवला तर ओरखडे लागले, सगळे एकाच दिशेनं. साबणाची वडी! सांगायला मागे वळले आणि मग रडूच फुटलं. बाजूनं जाणाऱ्या एका जोडप्यानं चौकशी केली. मी म्हटलं, "आय ॲम फाइन." तुमचीच मुलगी ना!

तिथे उभी राहून मी तुमच्यावर रागावले होते. असं अचानक कुणी जातं का, म्हणून. अचानक काहीच नव्हतं, हे आज कळलं. तुम्ही महिनाभर रोज नवव्या मजल्यावर बसत होतात आणि मी मिनिटं मोजत होते.

का नाही सांगितलंत? मी इतकी खाष्ट आहे का, की माझ्यापेक्षा नवव्या मजल्यावरच्या परक्या बाईला सांगणं सोपं वाटावं? असेन. पण एकदा सांगून तर बघायचंत.

काल आईला फोन केला होता. "मी ठणठणीत आहे गं, आत्ताच मंडईतून भाजी घेऊन आले," म्हणाली. मी म्हटलं, "वा! किती वेळ लागला?" आणि तिनं उत्साहानं सांगितलंसुद्धा.

बाबा, पुढच्या आठवड्यात मी साताऱ्याला जाते आहे. तिच्याबरोबर मंडईपर्यंत चालेन. वेळ लावणार नाही. वाटेत ती कुठे कुठे बसते ते पाहीन, आणि तिथे तिच्या शेजारी बसेन. हा शब्द देते तुम्हाला.

तुमची,
मुग्धा