लाल चांदणी

शनिवार, संध्याकाळ. डोंबिवली.

आज जिंकलो! कल्याणला हिच्यासाठी चप्पल घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मोबाईल नंबर?"

"नाही देणार."

"नंबराशिवाय बिल निघत नाही, काका."

"अहो, द्या ना. लोक बघतायत," ही कुजबुजली.

लोक बघतात, आणि ऐकतातही. म्हणूनच तर! आमच्या मुक्ताने अशाच काउंटरवर नंबर मोठ्याने सांगितला आणि रांगेतल्या कुण्या नालायकाने फोन करकरून पोरीला रडवलं. शेवटी नंबर बदलावा लागला. तेव्हापासून मी नंबर देत नाही आणि दर वेळी हिची बोलणी खातो. एवढा खटाटोप करावा का, असं कधीकधी मलाही वाटायचं.

पण कॉम्प्युटर मी माझा मी शिकलोय. म्हटलं, "त्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे? नाही ना? मग तो सक्तीचा नाही. रिकामा सोड आणि एंटर दाब." निघालं बिल! मागच्या बाई लगेच म्हणाल्या, "माझंही तसंच कर गं."

येताना औषधांच्या दुकानात पुन्हा तेच. मी तोंड उघडायच्या आत हीच दुकानदाराला म्हणाली, "आधी बघा, लाल चांदणी आहे का?"