डब्याला आलेला पोचा

केळापूर, डिसेंबरचा दुसरा रविवार, संध्याकाळ

आज थोडक्यात सुटल्यासारखं वाटतंय. माझी धाकटी जाऊ वनिता नेहमीसारखी ट्रॉलीतल्या कापसाच्या ढिगावर चढून बसली होती. "ट्रॅक्टर थांबला तरी तू थांबणार नाहीस. उतर, माझ्या स्कूटीवर बस," मी कापूस वेचणाऱ्या बायांसमोरच दरडावलं.

"ताई, इथंबी फिजिक्स शिकवून राह्यल्या काय? कापूस मऊ आहे, काही होत नाही मले!"

उतरली, पण गाल फुगवून. कॉलेजात शिकवतानाचा आवाज घरच्या माणसावर कशाला काढला? वाटभर हेच टोचत होतं. तिचा स्टीलचा डबा तेवढा वरच राहिला.

वळणावर रानडुक्कर आडवं आलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या दिराने करकचून ब्रेक मारला. आमच्या डोळ्यांदेखत डबा ढिगावरून सुटला आणि दिराच्या डोक्यावरून जाऊन पुढे डांबरावर आपटला.

वनिता मला मागून घट्ट धरून म्हणाली, "डब्यानं आयकलं नाही जी तुमचं."

आवाज चढवला ते चुकलंच का? चारचौघांत, हो. डब्याच्या पोच्यात माझा अख्खा अंगठा बसतो. सारखा बसवून पाहतेय. आत स्वयंपाकघरात वनिता बडबडतेय. बडबडू दे.