काका जात्यावर बसले त्याची गोष्ट

आबा, आज पुन्हा एक जण घरी येऊन सांगून गेला, "तुमच्या वडिलांनी भावाला सरकारी इस्पितळातून सोडवून आणलं, असा भाऊ होणे नाही." मी चहा दिला, मान हलवली, आणि तो गेल्यावर मोरीत भांडी आपटली. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी तुमचा राग यायचा काही थांबत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. तुमच्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, लहानपणी फिट यायच्या म्हणून आजोबांनी दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, आणि ठेवलं ते ठेवलंच. तिथल्या नव्या डॉक्टरने तुम्हाला सांगितलं की हा माणूस वेडा नाही, फिटवर आता गोळ्या मिळतात, घरी न्या. तुम्ही आईला एका शब्दाने विचारलं नाहीत. नंदुरबारपर्यंत आगगाडी, शहाद्यापर्यंत एसटी, पुढे बैलगाडी, आणि ऐन जेवणाच्या वेळेला दारात हजर. "भाऊले ली उनू," एवढं बोललात आणि हातपाय धुवायला निघून गेलात. आई चुलीपुढून उठून बाहेर आली, तर उंबऱ्यापलीकडे अर्ध्या पिकल्या केसांचा एक माणूस उभा. आत या म्हटल्याशिवाय तो पाऊल टाकीना.

मग तुम्ही काय केलंत? नवं धोतर, नवी टोपी, ओट्यावर खाट. बस, झाला भाऊ सुखी! विहिरीकडे जायचं नाही, बैलांजवळ जायचं नाही, चुलीपाशी तर नाहीच, आणि तापीचं नाव काढायचं नाही. फिटची भीती मला कळते हो, ती आम्हालाही होती. पण इस्पितळातून काढून तुम्ही त्यांना आपल्या ओट्यावर भरती केलंत, आणि स्वतः सोसायटीच्या मीटिंगला निघालात. अर्धी भाकर टाकून उठणारा माणूस आम्हाला दिसत होता. तुम्हाला तो दिसायला तुम्ही घरी असायला हवं होतं ना!

एक दिवस मागच्या पडवीत आई दळत होती. जात्याची घरघर ऐकून काका ओट्यावरून उठून आले. इस्पितळात सगळ्यांचं पीठ तिथले रोगीच दळायचे, काकांचं अर्धं आयुष्य त्यातच गेलेलं. मला अजून ते दिसतात: जात्यापाशी येतात, खुंट्याला हात लावत नाहीत, आधी दाराकडे बघतात. तिथे वॉर्डर दारात उभा राहायचा आणि तो "बैठ" म्हणाला की बसायचं, अशी रीत. आई म्हणाली, "बठा भाऊ." ते बसले, आणि असं एकसारखं, बारीक पीठ पडायला लागलं की आई बघतच राहिली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. तुम्ही घरी नसलात की काका दळायचे आणि तुमची चाहूल लागली की आम्ही त्यांना ओट्यावर पाठवायचो. स्वतःच्या घरात ही चोरी, आबा. कोणामुळे?

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. देवीच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते घरच्याच जात्यावर दळायचे, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. भाऊबंदकीतली सगळ्यात जुनी आजी मुठी घेत होती. काकांच्या नावाशी तिचा हात थांबला. "त्यानी मूठ तं कव्हयच बंद व्हई गयी," ती म्हणाली. तेव्हा तुम्ही असे कडाडलात की अंगणातली कुत्री उठून गेली. "मन्हा भाऊ जित्ता शे! ल्या त्यानी मूठ!" तिने मूठ घेतली. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा अभिमान वाटला. तो फार वेळ टिकू दिला नाहीत.

काकांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद आधी कधी पाहिला नव्हता. बायका दळायला बसणार तेवढ्यात ते पुढे झाले आणि पहिल्यांदाच दाराकडे न बघता सरळ जात्यावर बसले. आपल्या नावाचे गहू आहेत, तर आपण दळू, एवढंच त्यांना वाटलं असणार. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तुमच्या अंगाचा भडका उडाला.

"ऊठ! तू मन्हा भाऊ शे, कोन्हा गडी नही शे!"

काका उठले. हात अंगाशी चिकटवून, मान खाली घालून तुमच्यापुढे उभे राहिले. इस्पितळात ते कसे उभे राहत असतील ते आम्हा सगळ्यांना कळलं. फक्त तुम्हाला कळलं नाही.

आई आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत तुमच्यासमोर बोलली. "इतला वरीस त्यास्नी सरकारनं दयन दयं. आते देवीनं दयू द्या." सरकारचं दळण पुरे झालं, आता देवीचं दळू द्या, एवढंच तिचं मागणं. तुम्ही चपला घालून शेतात निघून गेलात. काका मात्र पुन्हा बसले नाहीत, आईने किती सांगितलं तरी. दाराकडे बघत उभे राहिले. शेवटी बायकांनीच दळलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गुपचूप टाकीवाल्याला बोलावून जात्याचे झिजलेले दगड टाकी लावून खरखरीत करून घेतलेत. म्हणजे परवानगी! आई म्हणाली, तुझ्या बापाची हीच बोलायची तऱ्हा आहे. मग काका रोज दळू लागले. भाऊबंदांच्या बायका दळण घेऊन यायला लागल्या, बसून गप्पा मारायला लागल्या, काकांना लग्नाची आमंत्रणं वेगळी यायला लागली. फिटही क्वचितच यायच्या. तुम्ही ओट्यावर बसून सगळं ऐकायचात. पण रोज, अगदी रोज, बसण्याआधी काका दाराकडे बघायचे, तुमच्यासाठी. "बस रे" म्हणायला काय जात होतं तुमचं? एकदा तरी?

तुमचे दिवस झाल्यावर काका जात्यापाशी आले आणि दाराकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मी म्हटलं, "काका, बठा ना." ते बसले, पण माझ्या सांगण्यावरून नव्हे. पाय दुखायला लागले म्हणून.

आता एक कबूल करते, कोणापुढे केलेलं नाही. आजोबांनी ठेवलेल्या माणसाला तुमच्याशिवाय दुसरं कोणीच आणायला गेलं नसतं. मीसुद्धा नाही. पण हे पत्र तुमच्या हाती पडलं असतं, तर तुम्ही बाकीचं सगळं सोडून एवढीच ओळ चावडीवर मोठ्याने वाचून दाखवली असती. म्हणून पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, आबा, मला ते पाठवायचंच नाही.