हलणारा बाळकृष्ण

अप्पा, तुमच्या त्या बाळकृष्णाचं नाव निघालं की अजून माझं डोकं उठतं. तंजावुरात तुम्ही शाळेत ड्रॉइंग शिकवायचात आणि घरी सोन्याचा वर्ख लावून देवांची चित्रं करायचात. परदेशातल्या नव्या चित्रकारांची, नजरेला चकवणारी छापील चित्रं कुठूनशी तुमच्या हाती आली. तेव्हा स्वयंपाकघरात मला बसवून तुम्ही एका लाल ठिपक्याकडे टक लावायला सांगितलंत, मग चुन्याच्या भिंतीकडे. भिंतीवर हिरवा ठिपका तरंगला. "बाहेर कांहीं नाहीं गे, सगळें डोळ्याचें काम," तुम्ही म्हणालात. तुमच्याइतका शहाणा माणूस तेव्हा मला जगात दुसरा दिसत नव्हता.

मग तुम्ही बाळकृष्णामागे लाल-हिरवे पट्टे एकमेकांना खेटून रंगवलेत. नजर कुठे ठरेना, कडा थरथरायच्या, आणि समईच्या उजेडात देवच हलल्यासारखा वाटायचा. शेजारची मामी किंचाळली, "ऐय्यो, हालतो की देव!" झालं! दुसऱ्या दिवसापासून नारळ, कापूर, आणि चक्क तुमच्या पायांवर डोकी. तुम्ही काय करताय? कपाळाला गंध लावून बाजूला उभे आहात, नमस्कार घेताय. शिसारी आली मला.

त्यात आईचे डोळे. मोतीबिंदू वाढत चालला होता, मद्रासला ऑपरेशन ठरलं होतं. ती चित्रापुढे बसली आणि म्हणाली, "मज दिसतो की हालतांना. देव दिसतो, मग डोळ्यांत सुरी कशाला?" तुम्ही समईची वात सारखी करत राहिलात. मागच्या अंगणात तुम्हाला गाठून मी म्हटलं, "सांगा की तिज, डोळ्याचें काम म्हणून." तुम्ही म्हणालात, "आतां सांगितलें तर लोक काय म्हणतील?" लोक! पुढे आई भिंती चाचपत चालू लागली, आणि तुम्ही रोज तिचा हात धरून तिला त्याच चित्रापुढे बसवत होतात. थुंकावंसं वाटायचं.

तुम्ही गेलात, आता ते चित्र माझ्याकडे आहे. मी कॉलेजात रंग शिकवते. लाल आणि हिरवा सारखेच उजळ असले की डोळ्याला कड धरता येत नाही, म्हणून ती हलते. मुलांना हे मी नीट समजावून सांगते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. संध्याकाळी दिवा लावला की बाळकृष्ण हलतो, आणि माझे हात जोडले जातात. त्या हातांचीही मला किळस येते, अप्पा. पण मी ते खाली घेत नाही.